अंगठ्याची तजवीज

खापरसारख्या गावी, डावा हात भात्यात गुंतलेला असताना, उजव्या हाताच्या पाच बोटांनीच सा-ग-प-सां ही चढण द्रुत लयीत पार करणाऱ्या भजनातील पेटीवाल्यास जो पेच पडतो, तोच पियानोवादकासही पडतो. अनामिकेच्या कंडरा शेजारच्या बोटांशी जखडलेल्या असल्याने ती एकटी सहजी उचलत नाही; म्हणून अंगठा तळव्याखालून पुढे नेण्याची तजवीज आधीच करावी लागते. परंतु अंगठा पडला आखूड, काळ्या पट्टीवर तो अवघडतो! काळी एकचा षड्ज असेल तर आरंभ तर्जनीने करून अंगठा पांढऱ्या गंधारावर उतरवावा. काळी तीनमध्ये मात्र सा, ग, प तिन्ही काळ्याच, तेथे ही मुभाही नाही. संगीतकार शोपँने १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या एट्यूडांपैकी (सरावरचनांपैकी) पहिल्यात तर अंगठ्याच्या या युक्तीऐवजी सबंध पंजाच पसरून सरकवावा लागतो.