नव्या गाडीचं इंजिन बसलं तर…

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा इंजिन अचानक बंद पडलं, तर गाडी कडेला घ्या आणि पुन्हा स्टार्टर मारू नका. साचलेल्या पाण्यात तर मुळीच नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे विम्याचं जादा कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनीही बहुधा हात वर करते.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीसाठी १०३३. गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. जॉबकार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या. 'चेक केले, ओके' एवढ्यावर सही करू नका. पुढे सगळी भिस्त याच कागदावर असते.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची. गाडी बदलूनच हवी असेल, तर उत्पादनातला दोष सिद्ध करावा लागतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल लागतो.