पडद्यावरचे पान कुठे तुटावे?

छापील पुस्तकातले पान कागद संपला की संपते. वाक्य अर्धे राहिले तरी छापणाऱ्याला त्याची फिकीर नसते आणि वाचकही सवयीने पान उलटून पुढचा शब्द गाठतो. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर अशी कड नसते. ज्याला वेबपान म्हटले जाते, तो एकाच पत्त्यावर मिळणारा आणि हवा तितका लांबणारा मजकूर असतो. त्या दृष्टीने ते बांधीव ग्रंथापेक्षा त्याआधीच्या गुंडाळीलाच अधिक जवळचे आहे. त्यामुळे पडद्यावरचा दीर्घ लेख १, २, ३ अशा आकड्यांखाली विभागलेला दिसतो, तेव्हा ती विभागणी कोणीतरी ठरवून केलेली असते, आणि ती कोणाच्या सोयीसाठी केली हे विचारणे रास्त ठरते.

आरंभी ही सोय वाचकाचीच होती. १९९०च्या दशकात दूरध्वनीच्या तारेवरून चालणारा ५६ किलोबिटांचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी सेकंदाला सात किलोबाइटच आणत असे, म्हणजे शंभर किलोबाइटांच्या एका चित्रासाठी चौदा-पंधरा सेकंद वाट पाहावी लागे. अशा वेळी चित्रांनी भरलेला लेख तुकड्यांत देणे शहाणपणाचेच होते. शिवाय पडदा खाली सरकवण्याचे कष्ट वाचक घेत नाहीत, असाही समज होता. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचे सुरुवातीचे निरीक्षण त्याला पुष्टी देणारे होते. परंतु वाचकांना सरकवण्याची सवय झाल्याचे दिसताच त्यांनी १९९७मध्ये आपला सल्ला सैल केला.

आज वजनाची सबब फारशी टिकत नाही. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन. तरीही तीन हजार शब्दांचा मराठी लेख साठ किलोबाइटांच्या आसपासच भरतो आणि पाठवताना दाबून लहान केला की त्याहून पुष्कळ कमी. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जड असते, आणि वाचक जवळ पोहोचेपर्यंत चित्र न मागवण्याची युक्ती आता ब्राउझरमध्येच उपलब्ध आहे.

तरीही तुकडे पडतात, कारण जाहिरातींचा दर बहुधा हजार दर्शनांमागे ठरतो आणि एका लेखाची पाच पाने केली की त्याच वाचकाकडून पाच वेळा जाहिराती उघडून घेता येतात. एखाद्या डोंगरी किल्ल्यावरच्या अशा लेखात वाचक चढणीच्या वर्णनात रमलेला असताना मजकूर थांबतो, खाली ‘२’ हा आकडा दिसतो. तो दाबल्यावर मथळा, विषयसूची आणि जाहिरातीची पट्टी पुन्हा अवतरते आणि त्यांच्याखाली राहिलेला परिच्छेद शोधावा लागतो. पानात शब्द शोधण्याची सोय अशा वेळी समोरच्या तुकड्यापुरतीच चालते, छापायला घेतले तर पाचव्या हिश्श्याचाच कागद निघतो, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला तो सगळा सरंजाम प्रत्येक पानावर नव्याने ऐकावा किंवा ओलांडावा लागतो. याला वाचकसेवा म्हणणे कठीण आहे.

शोधयंत्रांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असेल तर मूळ पत्ता कोणता हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ खूण २००९मध्ये प्रचारात आली. परंतु विभागलेल्या लेखाच्या सर्व पानांवर पहिल्याच पानाचा पत्ता मूळ म्हणून दिला, तर उरलेली पाने शोधात न दिसण्याचा धोका असतो. मागचे आणि पुढचे पान दाखवणाऱ्या खुणांना गूगलने २०११मध्ये मान्यता दिली खरी, पण आपण त्या बऱ्याच काळापासून वापरतच नाही, असे २०१९मध्ये जाहीर केले. मधल्या काळात त्या इमानाने लिहीत बसलेल्यांच्या श्रमांचे काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

विभागणी मुळातच वाईट असते असे नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिथे हप्ता हेच वाचनाचे माप होते आणि दोन हप्त्यांमधला काळ वाचकाच्या उत्सुकतेचा होता. पडद्यावरही ज्या भागाला स्वतःचा मथळा, स्वतःचा आरंभ आणि स्वतंत्र उपयोग आहे, त्याला वेगळे पान देणे योग्य ठरते: पाककृतींचा संग्रह, कायद्यातील प्रकरणे, दीर्घ प्रवासवर्णनाचे टप्पे. अशा पानांच्या तळाशी नुसते आकडे न देता पुढच्या भागाचे नाव द्यावे, म्हणजे शोधातून थेट तिसऱ्या भागावर उतरलेल्या वाचकालाही आपण कुठे आहोत ते कळते.

बाकीच्या लेखांसाठी एकच पान आणि त्याच्या आरंभी अनुक्रमणिका ही मांडणी पुरेशी असते. अनुक्रमणिकेतील ओळ दाबली की त्याच पानातल्या त्या उपमथळ्यापाशी पोहोचता येते. वर्डप्रेसमध्ये मजकुरात ‘नेक्स्टपेज’ ही खूण घालून पाने पाडता येतात, आणि ती काढली की लेख पुन्हा सलग होतो. मात्र त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या पानाचे जुने पत्ते एकत्रित लेखाकडे कायमचे वळवल्याची खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर ते पत्ते जपून ठेवलेल्या वाचकांना हवा तो मजकूर त्या पत्त्यावर सापडत नाही.