काही दिसतच नाही, तरी रहस्यनाटक रेडिओवर रंगतं कसं?

नांदेड-लातूरला मुंबई-पुण्याचं नाटक आणायचं म्हणजे सेट, दिवे, कलाकार, गाडीभाडं असा सगळा खटाटोप. रेडिओवरच्या श्रुतिकेला मात्र आवाज पुरतो. १९६८ मध्ये आकाशवाणीचं परभणी केंद्र सुरू झालं आणि या भागाला जवळचं केंद्र मिळालं.

पण विनोदी रहस्यनाटकाची गोम वेगळी असते. पडद्याआडून आलेला हात प्रेक्षकांना दिसतो, नायकाला नाही. हशा तिथेच पिकतो. रेडिओवर तो हात दाखवणार कसा?

याचं उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात सापडतं. 'सेव्हन कीज टू बाल्डपेट' हे जॉर्ज एम. कोहन यांचं १९१३ चं नाटक. पैज लावून एक लेखक २४ तासांत कादंबरी लिहायला हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलात जातो. किल्ली आपल्या एकट्याकडेच आहे, असं त्याला वाटतं. पण एकेक जण आपापली किल्ली घेऊन येतच राहतो.

सप्टेंबर १९३८ मध्ये 'लक्स रेडिओ थिएटर'ने हे नाटक तासाभरात बसवलं. मुख्य भूमिकेत होते विनोदवीर जॅक बेनी.

या गोष्टीत रेडिओला आयती सोय होती. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की झालं! कोण आलं, हे नायकालाही ठाऊक नाही आणि श्रोत्यालाही. दोघं एकाच अंधारात. बेनी तर नेमकं कधी गप्प राहायचं, यासाठीच प्रसिद्ध होते. रेडिओवर ती शांतताही हसवते.

म्हणूनच लातूर-नांदेडच्या पोरांना आज मोबाईलवर असं नाटक करायचं असेल, तर सेटसाठी पैसे नकोत. एकमेकांपासून वेगळे ओळखू येणारे आवाज, एक कुलूप आणि चांगली संहिता हवी.