पार्किन्सन विकार आणि ध्वनींचे आकलन

'प' आणि 'ब' ही दोन्ही ओष्ठ्य व्यंजने. भेद केवळ घोषत्वाचा. 'ब' उच्चारताना ओठ विलग होण्यापूर्वीच स्वरतंतू कंप पावू लागतात. हा भेद सेकंदाच्या अल्पांशाचा आहे, आणि असे सूक्ष्म कालमापन एकट्या भाषाकेंद्रांचे काम नव्हे. मेंदूत खोलवर असलेल्या 'बेसल गँग्लिया' या पेशीसमूहांचाही त्यात वाटा असतो.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवातात डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात व या समूहांचे कार्य बिघडते. रुग्णाचा आवाज क्षीण होतो, व्यंजने पुसट होतात. विलक्षण बाब अशी, की अनेक रुग्णांना आपला आवाज पुरेसा मोठाच वाटतो. 'तुम्हालाच कमी ऐकू येते,' असे ते घरच्यांना सुनावतात. दोष केवळ जिभेचा नसतो, स्वतःच्या ध्वनीचे मोजमापही चुकत असते. म्हणूनच वाचोपचारात रुग्णाला मोठ्याने बोलण्याबरोबर स्वतःचा आवाज नव्याने जोखायलाही शिकवतात.