कायदा बदलणारे एक पत्र

गेल्या महिन्यात अंबरनाथच्या आमच्या वस्तीतली एक मुलगी सायंकाळी घरी आली. लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील कंपनीत कामगार. हातात कॉलेजची नोटीस होती : ‘कायदा सुधारणा’ या विषयावर विद्यार्थ्यांची लेखनस्पर्धा.

"काका, मुंबईची मुलं फाडफाड इंग्रजी लिहिणार. आणि माझ्या निबंधानं कायदा थोडाच बदलणार?"

मी वकील नाही, साधा कारकून. पण लिहिलेल्या कागदाचे वजन टेबलावर रोज पाहतो. म्हणून तिला एक हकिगत सांगितली.

26 मार्च 1972. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज. पोलीस ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केल्याची एका गरीब आदिवासी मुलीची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती असे धरले गेले.

16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुद्दा सरळ होता : भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. निकाल काही बदलला नाही. पण 8 मार्च 1980 ला अनेक शहरांत महिलांनी मोर्चे काढले, विधी आयोगाने अहवाल दिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरून चालायचे. पीडितेचे नाव छापणेही गुन्हा झाला. म्हणून मीही ते लिहिलेले नाही.

मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "मी चेंबर साफ करणाऱ्यांवर लिहू?"

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणे गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतातच. मी म्हटले, "एकच कलम धर. उल्हासनगर, बदलापूरच्या दोन-तीन घरांत जाऊन बस. कलम काय म्हणते, कुठे अडते आणि त्या जागी कोणते शब्द हवेत, एवढेच लिही."

परवा स्टेशनवर भेटली. निबंध दिलाय, निकाल लागायचाय. बक्षीस मिळो न मिळो, तीन घरांचे म्हणणे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत कागदावर उतरले.

माता-पित्यांनो, एक विनंती. घरात कोणी कायदा शिकत असेल तर रात्री तासभर टीव्ही बंद ठेवा. एका खोलीच्या घरात आपण एवढे नक्कीच देऊ शकतो.