पोटातली कळ मेंदूत कशी उमटते?

सोनोग्राफी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटात कळ येते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता. इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, म्हणजे आयबीएसच्या रुग्णाला मग घरचेच सांगतात, "तू फार विचार करतोस." ही कळ खोटी नसते. ती कशी घडते, ते क्रमाने पाहू.

आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे असते. आतडे ताणले गेले की संदेश मज्जारज्जूतून आणि व्हेगस मज्जातंतूतून वर जातात. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडेच बातमी नेणारे असतात.

मेंदूत ही बातमी थॅलॅमसमार्गे इन्सुला आणि सिंग्युलेट या भागांत पोहोचते. तिथे ताणाची जाणीव होते आणि तो किती त्रासदायक आहे, हे ठरते. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग वेदनेला आवर घालतो. आयबीएसमध्ये हा समतोल बिघडतो आणि इतरांना जाणवतही नाही एवढा गॅस दुखू लागतो.

एमआरआयमध्ये याच भागांतल्या करड्या द्रव्यात फरक दिसतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयबीएस असलेल्या स्त्रियांच्या मेंदूत काही ठिकाणी हे द्रव्य कमी, तर काही ठिकाणी जास्त आढळले. चिंता आणि नैराश्य हिशेबात घेतल्यावर त्यांतले बरेच फरक पुसट झाले. प्रीफ्रंटल भागातले मात्र टिकले. म्हणजे काही फरक मनःस्थितीशी जोडलेले, तर काही आयबीएसशीच.

नैराश्यातही मेंदूत असे फरक दिसतात: स्मृती आणि ताणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस सरासरी एखाद्या टक्क्याने लहान आढळतो. वारंवार नैराश्य येणाऱ्यांत हा फरक अधिक स्पष्ट असतो. पण हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकट्या रुग्णाचा एमआरआय पाहून आयबीएस किंवा नैराश्याचे निदान होत नाही.

संदेश उलटाही येतो: ताण वाढला की मेंदूतून सुटणारी रसायने मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. म्हणूनच अल्प मात्रेतले अमिट्रिप्टिलिन हे औषध किंवा वर्तनोपचार अनेकांच्या पोटाला आराम देतात.

शौचातून रक्त, घटते वजन किंवा रक्तक्षय असेल, तर आधी त्याची तपासणी करून घ्या. तसे काही नसेल आणि डॉक्टरांनी झोप, मूड, चिंता यांबद्दल विचारले, तर तो अविश्वास समजू नका. मोकळेपणाने उत्तर द्या. हे प्रश्न तुमच्या पोटाच्याच उपचाराचा भाग आहेत.