तपासणाऱ्यांची तपासणी

दिवाळी अंकाचा एकच फर्मा दोन मुद्रितशोधकांना वेगवेगळा वाचायला दिला, तर दोघांच्या खुणा सारख्या येत नाहीत. एकाची नजर ऱ्हस्व-दीर्घावर असते, दुसऱ्याला आधी पृष्ठक्रमांकाची चूक दिसते. काही चुका दोघांनाही सापडतात, काही एकालाच, आणि काही अंक छापून झाल्यावर वाचकाला. सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे की अवघड, हे तपासणाऱ्या तज्ज्ञांचंही असंच होतं. गेल्या पस्तीस वर्षांच्या संशोधनात ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे, तरी आपल्याकडे आजही एका तज्ज्ञाच्या एका अहवालावर काम भागवलं जातं.

वापरणाऱ्या माणसांना बोलावून, त्यांच्या शेजारी बसून ती कुठे अडतात ते पाहणं, ही झाली चाचणी. माणसं न बोलावता तज्ज्ञाने स्वतः एकेक स्क्रीन उघडून अडचणी हेरणं, ही तपासणी. चाचणीला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून १९९० साली याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिक या डेन्मार्कमधल्या दोघांनी तपासणीची एक सोपी रीत मांडली. हाताशी काही ठोकताळे ठेवायचे आणि त्यांवर प्रत्येक स्क्रीन घासून पाहायची. भाषा वापरणाऱ्याची आहे का? एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द आहे का? चुकून आत शिरलेल्याला बाहेरची वाट दिसते का? चूक झाली तर ती कळेल अशा शब्दांत सांगितली आहे का? सुरुवातीला ठोकताळे नऊ होते. पुढे नील्सनने प्रत्यक्षात सापडलेल्या २४९ अडचणींचं विश्लेषण केलं आणि १९९४ मध्ये दहांची यादी दिली. आज जगभर शिकवली जाते ती हीच.

यादी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासोबतचे प्रयोग मात्र फारसे कुणी वाचत नाही. नील्सन-मोलिकनी चार प्रयोग केले. त्यांतल्या एकात ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’च्या डॅनिश आवृत्तीचे ७७ वाचक तपासनीस होते. चारही प्रयोगांत एकट्यादुकट्या तपासनिसाला एकूण अडचणींपैकी सरासरी २० ते ५१ टक्केच सापडल्या. पण वेगवेगळ्या केलेल्या याद्या एकत्र केल्या की चित्र झपाट्याने सुधारत होतं. म्हणून त्यांनी तीन ते पाच तपासनीस घ्या, असं सांगितलं. यातला ‘वेगवेगळ्या’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाच जण एका टेबलाभोवती बसले की पहिला जे बोलतो तेच बाकीच्यांना दिसू लागतं.

दुसरी रीत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांची, ‘कॉग्निटिव्ह वॉकथ्रू’. एक काम घ्यायचं आणि पावलापावलाला विचारायचं: माणसाच्या मनात हे करायचं येईल का, त्यासाठीचं बटण त्याला दिसेल का, आपल्याला हवं ते याच बटणाने होईल असं त्याला वाटेल का, आणि दाबल्यावर काम पुढे सरकल्याचं कळेल का. माझ्या मावशीचं एक उदाहरण देतो. पैसे पाठवायच्या एका ॲपवर तिला प्रश्न आला, “व्यवहार रद्द करायचा आहे का?” खाली दोन बटणं होती: ‘रद्द करा’ आणि ‘ओके’. तिने अर्थातच ‘रद्द करा’ दाबलं. तेवढ्याने फक्त प्रश्न बंद झाला, व्यवहार तसाच राहिला. वॉकथ्रूचा तिसरा प्रश्न कुणी प्रामाणिकपणे विचारला असता, तर हे दोन मिनिटांत सापडलं असतं.

मग यांतली कुठली रीत चांगली? १९९१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीत चार पद्धतींची तुलना झाली. ठोकताळ्यांच्या पद्धतीने सर्वाधिक अडचणी काढल्या, पण त्यांत किरकोळही पुष्कळ होत्या. चाचणीत संख्या कमी, पण गंभीर अडचणी पकडल्या गेल्या. निकाल स्वच्छ वाटतो खरा. पण ठोकताळे वापरणारे चौघे या विषयातले मुरलेले जाणकार होते आणि वॉकथ्रू करणारे सॉफ्टवेअर अभियंते. मग जिंकलं कोण, पद्धत की माणसं? १९९८ मध्ये ग्रे आणि सॉल्झमन यांनी अशा पाच गाजलेल्या प्रयोगांची कठोर चिकित्सा केली आणि त्यांच्या मांडणीतल्या उणिवा एकेक करून दाखवल्या. या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी लेख कोणता विचाराल तर मी हाच सांगेन. त्यानंतर पद्धतीचे निकष नेमके झाले. खऱ्या अडचणींपैकी किती सापडल्या? सापडलेल्यांपैकी खऱ्या किती? वेगळ्या हातांतही पद्धत तसंच उत्तर देते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. हर्ट्झम आणि याकोबसेन यांनी २००१ मध्ये अकरा अभ्यास एकत्र पाहिले. कुठल्याही दोन तपासनिसांच्या याद्यांमधला मेळ सरासरी ५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान होता. त्यांनी तपासणीबरोबर चाचणीचेही अभ्यास धरले होते, म्हणजे जिला आपण गज मानतो ती चाचणीही यातून सुटली नाही. मोलिकने नऊ संघांना हॉटमेल या ईमेल सेवेची स्वतंत्र चाचणी करायला लावली. मिळून ३१० अडचणी निघाल्या, त्यांतल्या ७५ टक्के फक्त एकेका संघालाच दिसल्या. पुढे २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियाच्या आरक्षण व्यवस्थेवर सतरा संघ बसवले, काही चाचणी करणारे, काही तपासणी करणारे. व्यवहारात फरक पडावा असं अंतर दोन्ही गटांच्या निष्कर्षांत आढळलं नाही. जाणकारांनी केलेली तपासणी चाचणीपुढे कमअस्सल मानायचं कारण उरत नाही, हा माझ्या मते त्यातला मोठा निष्कर्ष.

‘चाचणीला पाच माणसं पुरेत’ हे वाक्यही याद्या एकत्र करण्याच्या गणितातून आलं. नील्सन आणि लँडावर यांच्या १९९३ च्या सूत्रात एका माणसामागे सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, की पाचांत जवळपास ८५ टक्के होतात. ३१ चे १० झाले की पाचांत ४१ टक्केच. ही अट मात्र कुणी सांगत नाही.

मराठी सॉफ्टवेअरकडे पाहताना मला आणखी एक गोष्ट बोचते. तपासनीस इंग्रजी स्क्रीन पाहतो, मराठी भाषांतर नंतर चिकटवलं जातं. मोबाइल क्रमांकाच्या चौकटीत देवनागरी अंक टाकले की ‘क्रमांक अवैध’ असा संदेश येतो. इंग्रजी कीबोर्डवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला हा संदेश कधी दिसणारच नाही. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाने मराठीसह भारतीय भाषांसाठी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड केला तो अक्षरांची जुळणी लक्षात घेऊन. तीच नजर तपासणीतही हवी.

तुमच्या पतसंस्थेसाठी, शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी कुणी ॲप बनवून देत असेल, तर पैसे देण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा: किती जणांनी तपासलं, प्रत्येकाने वेगवेगळं तपासलं का, आणि मराठी स्क्रीनवर तपासलं का.